घरच्या प्रिंटरवर वॉटरस्लाइड डेकल: दोन मिग-२१ च्या कामाच्या नोंदी, नाशिक

६ जुलै २०२५, रविवार

भारतीय हवाई दलाच्या मिग-२१ लढाऊ विमानांची १:७२ मापाची दोन मॉडेलं करायची आहेत. एक मिग-२१ एफएल, उघड्या धातूच्या रंगात. दुसरं मिग-२१ बिस, राखाडी रंगात. दोन्ही प्रकारची विमानं आपल्या ओझरच्या एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) कारखान्यात बांधली गेली, म्हणून खुणा बरोबर हव्यातच. किटमधल्या डेकलचा (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या छापील खुणांचा) केशरी रंग विटकरी छटेकडे गेलाय आणि पांढरा पिवळा पडलाय. तेव्हा डेकल घरीच छापायची.

प्रत्येक विमानाला लागणार आहेत पंखांवर वर-खाली मिळून चार राउंडेल (हवाई दलाचं गोल चिन्ह), बाजूंना दोन, शेपटीला दोन फिन फ्लॅश (तिरंगी पट्टे), नाकाजवळ काळे क्रमांक आणि अंगभर बारीक स्टेन्सिल (सूचनांची अक्षरं).

माप असं काढलं. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलवर ९९.३ मिमी. सरळ वरून घेतलेल्या छायाचित्रात पसारा आणि राउंडेल दोन्ही मोजून प्रमाण लावलं. आपल्या दोन विमानांसाठी पंखावरचं राउंडेल १४ मिमी आणि बाजूचं ८ मिमी निघालं.

प्रिंटर ठरवण्याआधी एक हिशोब करणं गरजेचं आहे. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके असताना, एक ठिपका ०.०४२ मिमीचा. खऱ्या विमानावरचं २५ मिमी उंचीचं अक्षर १:७२ ला ०.३५ मिमी होतं, म्हणजे फक्त आठ ठिपके. आठ ठिपक्यांत इंग्रजी कॅपिटल अक्षर कसंबसं बसतं, देवनागरीची मात्रा-वेलांटी बसत नाही. ५० मिमीचं अक्षर १६ ठिपके घेतं आणि वाचता येतं. म्हणून २५ मिमीच्या सूचना नुसत्या तुटक रेघा म्हणून काढायच्या असं ठरवलं. वाचताच येणार नाहीत अशा अक्षरांसाठी १२०० डीपीआयचा महाग प्रिंटर घेण्यात अर्थ नाही.

१२ जुलै, शनिवार

सुरुवात घरात असलेल्या इंक टँक प्रिंटरवर (हा इंकजेटचाच प्रकार) केली. चार रंग, चारही डाय शाई, म्हणजे पाण्यात विरघळणारी. इंकजेटचा पारदर्शक डेकल कागद, ए४, पाच ताव, ₹४५०.

कागद आला की पहिलं काम: प्रत्येक तावाच्या मागे पेन्सिलीने ‘इंक’ किंवा ‘लेझर’ लिहा. दोन्ही कागद दिसायला सारखे असतात. इंकजेटच्या थराला किंचित ओलसर बोट लावलं तर चिकट लागतं, लेझरचा थर कोरडा आणि गुळगुळीत राहतो. चुकून इंकजेटचा ताव लेझरमध्ये गेला तर आतल्या तापलेल्या रोलरला, म्हणजे फ्यूजरला, तो थर वितळून चिकटतो आणि दुरुस्तीचा खर्च प्रिंटरच्या किमतीच्या घरात जातो.

ड्रायव्हरमध्ये ग्लॉसी फोटो कागद आणि सर्वांत वरचा दर्जा निवडला. ही चूक. त्या सेटिंगला प्रिंटर भरपूर शाई ओततो आणि डेकलचा पातळ थर तेवढी शाई पीत नाही. हिरव्यावर शाईचे थेंब साचले, कडा पसरल्या. मॅट फोटो कागद आणि त्याखालचा दर्जा ठेवला तेव्हा शाई जागच्या जागी बसली. तोच ताव उरलेल्या जागेत दुसऱ्यांदा छापून ही तुलना केली.

दोन तास वाळू दिलं, वर क्लिअरचा (पारदर्शक व्हार्निशचा) स्प्रे मारला, कापून पाण्यात टाकलं. अर्ध्या मिनिटात हिरवा रंग कडेने पाण्यात उतरला आणि पांढऱ्या वाटीत हिरवट रेघ फिरताना दिसली. दोन कारणं होती. बाहेर संततधार, घरातला आर्द्रतामापक ८४ टक्के दाखवत होता, त्यामुळे शाई आतून ओलीच राहिली होती. आणि क्लिअरचा पहिलाच हात ओला मारला होता, त्यातल्या द्रावकाने शाई सैल केली. एक ताव गेला.

२० जुलै, रविवार

दुसरा ताव छापून पूर्ण २४ तास बंद कपाटात ठेवला, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. मग ॲक्रिलिक क्लिअर: पहिले दोन हात लांबून, ३० सेंटिमीटरवरून, नुसतं धुकं बसेल इतके हलके. प्रत्येक हातानंतर २० मिनिटं थांबलो, तिसरा हात जरा भरून दिला.

या वेळी शाई हलली नाही. पण दहा मिनिटांत सगळ्या तावावर दुधी साय आल्यासारखी पांढुरकी झाक आली. स्प्रेतला द्रावक भराभर उडतो, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतलं बाष्प थराच्या आत अडकतं. नाशिकच्या जुलैत सकाळी सात वाजता गच्चीवर स्प्रे मारला की हेच होणार. पाऊस थांबलेला होता, पण हवा ओलीच होती.

उपाय म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, आर्द्रता ६६ टक्के असताना, वरून एक अगदी पातळ हात दिला. द्रावकाने वरचा थर पुन्हा मऊ केला, अडकलेलं पाणी निघालं आणि साय बरीचशी गेली. पण कोपऱ्यांत राहिली, आणि उघड्या धातूच्या रंगावर ती लगेच दिसली. दुसरा ताव गेला.

यापुढचा नियम: मापक ७० च्या खाली असेल तरच स्प्रे. डबा आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवायचा म्हणजे फवारा बारीक पडतो. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात डबा कधीही तापवू नका, तो फुटतो.

२७ जुलै, रविवार

तिसरा ताव सगळ्या बाजूंनी बरोबर उतरला. रंग पक्के, साय नाही. रंगवलेल्या राखाडी पत्र्यावर चाचणीचं राउंडेल सरकवलं आणि खरी अडचण समोर आली: पांढरं वर्तुळ राखाडी, केशरी मळकट, हिरवा जवळजवळ काळा.

घरगुती प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. तो पांढरा म्हणजे कागदाचा पांढरा समजतो. पारदर्शक डेकलवर पांढऱ्याच्या जागी काहीच छापलं जात नाही आणि बाकीचे रंगही काचेसारखे पारदर्शक असतात, खालचा रंग त्यांतून वर येतो. भारतीय हवाई दलाच्या राउंडेलमध्ये बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा, म्हणजे पांढऱ्याशिवाय काम होतच नाही. डेकलसाठी प्रिंटर घ्यायला निघालेल्यांनी डीपीआयच्या आधी स्वतःला हा प्रश्न विचारावा: माझ्या खुणांत पांढरा आहे का, आणि त्या कोणत्या रंगावर बसणार आहेत?

पांढऱ्याच्या वाटा बघितल्या. जपानच्या आल्प्स कंपनीच्या एमडी मालिकेतले प्रिंटर कोरड्या रिबनवर चालायचे आणि पांढरा, सोनेरी, चंदेरी छापायचे. मॉडेलवाल्यांमध्ये त्यांचं नाव आजही निघतं, पण त्यांचं उत्पादन केव्हाच बंद झालं. रिबन मिळाल्या तरी जुन्या साठ्यातल्या. त्यामागे पैसे घालू नयेत. पांढरा टोनर असलेले लेझर प्रिंटर आहेत, पण ते टी-शर्ट ट्रान्सफरचा धंदा करणाऱ्यांच्या किमतीचे. वर्षाला चार ताव छापणाऱ्याला ते कधीच परवडणार नाहीत. उरतो पांढऱ्या थराचा डेकल कागद. त्यात पांढरा आधीच आहे, छपाई त्यावर होते, फक्त कापणी अचूक हवी. इंकजेटचा पांढरा कागद मागवला, पाच ताव ₹५००.

३ ऑगस्ट, रविवार

कालचा दिवस बाहेरून छापून मिळतं का हे बघण्यात गेला.

झेरॉक्सच्या तीन दुकानांत मोठी रंगीत लेझर यंत्रं आहेत. तिघांनीही आपला कागद घालायला नकार दिला आणि त्यांचं बरोबर आहे. त्या यंत्रांचा फ्यूजर जाड कागदासाठी तापलेला असतो, डेकलचा थर आत सुटला तर दिवसभराचं काम बंद पडेल. दुकानदाराशी वाद घालू नका.

सातपूरला फलक करणाऱ्या एका ठिकाणी यूव्ही डीटीएफ छपाई (फिल्मवर छापून अतिनील प्रकाशाने पक्की केलेली) मिळाली. तिच्यात पांढरी शाई असते, रंग अपारदर्शक येतात, नमुना ₹२०० ला. बाटली, हेल्मेट, मोबाइलचं कव्हर यांसाठी उत्तम. पण हा स्टिकर असतो, पाण्याने सरकत नाही आणि वर व्हार्निशचा थर असल्याने जाडी नखाला लागते. १:७२ च्या पंखावर ती पायरीसारखी दिसते. पॅनलच्या, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या, रेघांत तो बसतही नाही. १:२४ च्या एसटी बसच्या मॉडेलला कदाचित चालेल, विमानाला नाही.

१० ऑगस्ट, रविवार

काळ्या क्रमांकांसाठी आणि स्टेन्सिलसाठी लेझरच हवा हे आता नक्की. टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड, ती साधारण १८० ते २०० अंशांवर वितळून कागदाला चिकटते. पाण्यात उतरत नाही, काळा दाट येतो, रेघ कडेला फुटत नाही. आणि छंदासाठी सर्वांत मोठा फायदा म्हणजे सहा महिने बंद ठेवला तरी सुकत नाही. इंकजेटला आठवड्यातून एकदा तरी नोझल तपासणीचं पान काढावं लागतं, नाहीतर हेड साफ करण्यात छपाईपेक्षा जास्त शाई जाते.

एम.जी. रोडच्या बाजूला जुन्या संगणकांच्या दुकानातून काळा-पांढरा लेझर घेतला, ६०० डीपीआय, ₹४,२००. घेताना हे तपासलं. कॉन्फिगरेशन पान काढून एकूण पानांचा आकडा बघितला (११ हजार निघाला, ५० हजारांच्या वर असेल तर सोडून द्या). पूर्ण काळं पान काढलं. उभी पांढरी रेघ दिसली तर ड्रमवर (टोनर कागदावर उतरवणाऱ्या नळीवर) ओरखडा आहे. मोठं काळं अक्षर वरच्या कडेला ठेवून बाकी पान कोरं छापलं. तेच अक्षर खाली फिकट दिसलं तर टोनर पूर्ण वितळत नाही किंवा ड्रम थकलाय. मागचं झाकण उघडता येतं की नाही तेही बघा, कारण डेकलचा ताव रोलरवरून वळण न घेता सरळ मागून निघाला पाहिजे. वळण घेतलं की ताव गुंडाळीसारखा वाकतो आणि थराला तडे जातात.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर हा प्रिंटर लावू नका. फ्यूजर तापताना एकदम मोठा भार घेतो. संगणकाच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर लावला तर शिट्टी वाजून यूपीएस बंद पडला. सरळ भिंतीच्या सॉकेटला जोडा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

लेझरचा पारदर्शक डेकल कागद, पाच ताव ₹५५०. प्रिंटरसोबत आलेलं कार्ट्रिज रिकामं होत आलं होतं, ₹३५० ला रिफिल करून आणलं.

साध्या कागदावर क्रमांक सुंदर आले. डेकलवर मात्र बोट फिरवताच ‘सी’ अक्षराचा अर्धा भाग पुडीसारखा निघून आला. कागदाचा प्रकार ‘साधा’ वरून ‘जाड’ केला. या सेटिंगला प्रिंटर हळू चालतो आणि टोनरला उष्णता जास्त वेळ मिळते. सुधारणा झाली, पण चिकटपट्टीच्या चाचणीत (पट्टी हलक्या हाताने लावून सावकाश उचलायची) अजून काळे कण पट्टीवर येत होते. त्याच्याही वरची सर्वांत जाड कागदाची सेटिंग लावली तर थरावर बारीक फोड आले.

खरी चूक टोनरची होती. रिफिलमध्ये भरलेली पूड या प्रिंटरच्या फ्यूजरच्या तापमानाला पुरेशी वितळत नाही. साध्या कागदाच्या धाग्यांत ती अडकून राहते म्हणून कळत नाही. गुळगुळीत डेकलवर लगेच कळतं. नवीन कार्ट्रिज घेतलं, त्याच मॉडेलसाठीचं, ₹८५०. ‘जाड’ सेटिंगला चिकटपट्टी स्वच्छ निघाली. टोनर वाचवण्याची सोय ड्रायव्हरमध्ये बंद आहे ना हेही बघा. ती चालू असेल तर काळ्यात जाळी पडते.

१७ ऑगस्ट, रविवार

कागद वाचवण्यासाठी पोस्टकार्डाएवढा डेकलचा तुकडा साध्या तावावर चिकटपट्टीने लावून लेझरमध्ये घातला. इंकजेटला ही युक्ती चालते. लेझरला नाही. फ्यूजरमध्ये पट्टीचा डिंक पातळ झाला, तुकडा तिरका झाला आणि डिंक फ्यूजरच्या आवरणाला लागला. नंतरच्या प्रत्येक पानावर दर ७५ मिमीला एक राखाडी डाग.

ठरावीक अंतराने डाग पडत असेल तर अंतर मोजा. ते त्या प्रिंटरमधल्या एखाद्या रोलरच्या परिघाएवढं असतं, म्हणजे दोष कुठे आहे ते कळतं. इथे ड्रमचं अंतर जुळत नव्हतं, फ्यूजरचं जुळलं. १८ कोरे कागद जाड सेटिंगवर एकामागोमाग सोडल्यावर डाग फिका होत गेला आणि गेला. फ्यूजरला चाकू, ब्रश, थिनर काहीही लावू नका.

तेव्हा लेझरला कायम पूर्ण ताव. संगणकावर सगळ्या खुणा वरच्या कडेला गोळा करा, छापा, उरलेला ताव पुढच्या वेळेसाठी ठेवा. एकदा फ्यूजरमधून गेलेला ताव दुसऱ्यांदा छापताना रेघ जुळवायला जाऊ नका. उष्णतेने कागदातलं पाणी उडतं आणि तो आखडतो. १५० मिमीची छापलेली रेघ पट्टीवर १४९.४ भरली.

२३ ऑगस्ट, शनिवार

रंगीत लेझरही बघायचा होता, कारण सगळे विचारतात की एकच प्रिंटर घेऊन भागणार नाही का. ओळखीच्या कार्यालयातल्या छोट्या रंगीत लेझरवर, परवानगी घेऊन, आपला लेझरचा एक ताव काढला.

हिरवा आणि काळा ठीक. केशरी बघितला दहापट भिंगाखाली. सलग पिवळ्या पट्ट्यावर किरमिजी ठिपके ओळीने बसलेले, आणि राउंडेलच्या गोल कडेला ते ठिपके अर्धे तुटल्यासारखे, म्हणजे कड करवतीसारखी. हातभर अंतरावरून १४ मिमीचं राउंडेल बरं दिसतं, ८ मिमीचं दाणेदार. शिवाय हिरव्या वर्तुळाच्या डाव्या बाजूला निळी कोर होती, अंदाजे ०.१ मिमीची. निळा आणि पिवळा टोनर एकावर एक नेमके बसले नव्हते. प्रिंटरच्या मेनूतून रंग जुळवणी चालवल्यावर कोर निम्मी झाली, पूर्ण गेली नाही.

इंकजेटचे थेंब याहून खूप बारीक पडतात आणि एकमेकांत मिसळतात. पांढऱ्या कागदावर त्याच भिंगातून केशरी सलग दिसतो. त्यामुळे निर्णय झाला: रंगीत खुणा पांढऱ्या इंकजेट कागदावर घरच्या इंक टँकवर, काळे क्रमांक आणि स्टेन्सिल पारदर्शक कागदावर काळ्या लेझरवर. एकाच रंगीत लेझरला जे पैसे पडतील त्याच्या बऱ्याच कमी पैशांत दोन्ही कामं जास्त चांगली होतात. ज्यांच्या खुणा मोठ्या आहेत, उदाहरणार्थ रेल्वे डब्यांचे पट्टे, आणि पार्श्वभूमी पांढरी किंवा क्रीम आहे, त्यांनी रंगीत लेझर घ्यायला हरकत नाही. तिथे ठिपके खटकत नाहीत आणि पाण्याची भीती उरत नाही.

दुकानात ऐकायला मिळणारं एक वाक्य: “पिगमेंट शाईचा घ्या, वॉटरप्रूफ आहे.” पिगमेंट शाई पाण्यात डायसारखी विरघळत नाही हे खरं, पण चकचकीत थरावर ती वरच बसते आणि बोटाने पुसली जाते. क्लिअरचा हात तिलाही द्यावाच लागतो. अनेक इंक टँक प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई पिगमेंट असते आणि रंगीत डाय, हेही बघून घ्या.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीच्या गर्दीत दुकानांतून काही आणायचं नाही असं ठरवून आठवडाभर घरी रंगाच्या चाचण्या केल्या. घरगुती ड्रायव्हर आरजीबी (लाल, हिरवा, निळा) घेतो, म्हणून त्यातच आकडे ठरवले. झेंड्यासाठी सगळीकडे वापरला जाणारा २५५, १५३, ५१ हा केशरी या शाईत आंब्याच्या रसासारखा फिका आला. बारा चौकोन छापून, क्लिअर मारून, वाळल्यावर उन्हात बघितले. २५०, १२०, २० बरोबर वाटला. क्लिअर मारण्याआधी रंग ठरवू नका, मारल्यावर तो एक छटा गडद होतो. दुसऱ्या प्रिंटरला हे आकडे लागू होणार नाहीत, बारा चौकोनांची पद्धत लागू होईल.

आता कापणी, कारण पांढऱ्या कागदाचं सगळं यश तिच्यात आहे. कंपास कटर चालत नाही, त्याचं टोक मध्यभागी भोक पाडतं. गॅस्केट कापायचे गोल पंच वापरले, १४ आणि ८ मिमी, दोन मिळून ₹२८०. राउंडेल १४ ला न छापता बाहेरचा केशरी १६ मिमीपर्यंत वाढवून छापला. पंच ठेवल्यावर चारी बाजूंना सारखी केशरी कड दिसली की पंच मध्यावर आला. खाली सागाच्या फळीवर जुनं जाड मासिक, आणि हातोडीचा एकच ठोका. दोन ठोके मारले की पंच केसभर सरकतो आणि कड दुहेरी होते. पांढरी रेघ उरतच नाही, कारण पंच केशरीतूनच जातो.

दोन गोष्टी त्यानंतर लगेच. कापलेली कड उघडी असते, पाणी तिथून आत शिरतं. ००० नंबरच्या ब्रशने कडेवर क्लिअर फिरवून तासभर वाळवायचं. आणि पांढऱ्या थराची जाडी बाजूने दिसते, म्हणून डेकल बसल्यावर कडेला पातळ केशरी ॲक्रिलिक लावायचा. हे दुसरं काम १२ राउंडेलला दीड तास घेतं. त्याशिवाय राउंडेल चिकटवलेल्या कागदासारखं दिसतं.

७ सप्टेंबर, रविवार

अंतिम छपाईचा पहिला पांढरा ताव वाया गेला. कारण एका टिकचं: पीडीएफ छापताना ‘पानात बसवा’ चालू राहिलं. सगळं ९६ टक्के झालं. १६ मिमीच्या जागी १५.४. गोल असल्यामुळे डोळ्याला कळलं नाही, पंच ठेवल्यावर कळलं. आता प्रत्येक फाइलच्या कडेला १०० मिमीची रेघ आहे. आधी साध्या कागदावर छापून स्टीलच्या पट्टीने ती मोजायची, मगच डेकल.

दुसरा ताव ‘प्रत्यक्ष आकार’ वर. २४ तास कपाटात. मग दुपारी, ६३ टक्क्यांवर, क्लिअरचे दोन धुकट आणि एक भरीव हात. चौथा हात द्यायचा मोह आवरा. आधीच्या तुकड्यांवर थर कमी-जास्त करून बघितलं होतं: एकच हात असेल तर डेकल पाण्यात पापडासारखा तुटतो, पाच हात झाले तर तो पॅनलच्या रेघांत वाकत नाही.

लेझरचा तावही आजच काढला. टोनर पाण्याला घाबरत नसला तरी सरकवताना नखाने खरवडतो, म्हणून त्यालाही दोन पातळ हात.

१४ सप्टेंबर, रविवार

एफएलवर डेकल लावली.

मॉडेलला आधी चकचकीत क्लिअर असलाच पाहिजे. खडबडीत मॅट रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चंदेरी दिसतो. उघड्या धातूच्या रंगावर हे लपवता येत नाही.

बोअरिंगचं पाणी वापरू नका, वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. आरओचं पाणी, कोमट. इंकजेटचा डेकल २० सेकंद बुडवून बाहेर टिश्यूवर ठेवायचा, सुटायला पुढचं एक मिनिट बाहेरच लागू द्यायचं. लेझरचा ४५ सेकंद. बोटाने ढकलून हलला की तयार. कागदासकट जागेवर नेऊन ब्रशने सरकवायचा, चिमट्याने हवेत उचलायचा नाही. नाकाजवळचे क्रमांक प्रत्येक आकडा वेगळा न कापता एका पट्टीत कापले, नाहीतर ओळ वाकते.

फिन फ्लॅश लावताना केशरी पुढच्या बाजूला येतो हे दोन्ही बाजूंना तपासा. म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूचं चित्र आरशातलं हवं, एकच चित्र दोनदा छापून चालत नाही. फाइलमध्ये हे आधीच केलं होतं, तरी लावताना दोन्ही जवळजवळ उलटी लागली होती. मागे पेन्सिलीने ‘डा’ आणि ‘उ’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

२१ सप्टेंबर, रविवार

बिसवर पांढऱ्या कागदाची राउंडेल पॅनलच्या रेघांवर ताठ राहिली. डेकल मऊ करणारं मायक्रो सोल लावलं. किटच्या डेकलसारखं भरपूर लावलं तर घरच्या डेकलचा क्लिअर सुरकुततो आणि खालची डाय शाई हलू शकते, म्हणून ब्रश जवळजवळ कोरडा करून, फक्त रेघेवर, तीन वेळा, मध्ये अर्धा-अर्धा तास. तिसऱ्या वेळी रेघ वर दिसायला लागली. एका राउंडेलखाली बुडबुडा राहिला. सुईच्या टोकाने टोचून तिथे मायक्रो सोलचा एक थेंब, बसला.

बाजूचं एक ८ मिमीचं राउंडेल कडेने हिरवट-केशरी ओघळलं. त्याच एकाच्या कडेला क्लिअर लावायचा राहून गेला होता. ओल्या ब्रशने काढून तावावरचं जादा राउंडेल लावलं. प्रत्येक खूण निदान दोन जास्तीच्या छापा. कागद तोच, शाई तीच.

२८ सप्टेंबर, रविवार

परवा, २६ तारखेला, चंडीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. दोन्ही मॉडेलं त्याच्या आदल्या रात्री पूर्ण झाली याचं समाधान मोठं आहे.

वर शेवटचा क्लिअर दिला: एफएलला अर्धचकचकीत, बिसला मॅट, दोन्ही अतिनील किरण रोखणारे, घरात आधीचे होते. डाय शाईचा केशरी उन्हात विटतो, म्हणून कपाट खिडकीसमोर नाही.

खर्च: तिन्ही प्रकारचा कागद ₹१,५००, क्लिअरचे दोन डबे ₹६४०, जुना लेझर ₹४,२००, रिफिल ₹३५०, नवीन कार्ट्रिज ₹८५०, पंच ₹२८०, मायक्रो सोल ₹४५०, सिलिका जेल आणि झिप पिशव्या ₹९०, यूव्ही डीटीएफचा नमुना ₹२००. एकूण ₹८,५६०. यातले ₹१,२५० चुकांत आणि चाचण्यांत गेले: कागदाचे सात ताव, रिफिल आणि नमुना. वेळेचा सर्वांत मोठा तोटा जुलैत झाला. हेच काम नोव्हेंबरात सुरू केलं असतं तर ओल्या हवेत गेलेले तीन आठवडे वाचले असते.

उरलेले कोरे ताव, पारदर्शक इंकजेट दोन, पांढरे तीन, लेझर एक, वर्तमानपत्राच्या घडीत सपाट, झिप पिशवीत, सिलिका जेलसह ठेवले आहेत. जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत गरम करून परत पिशवीत घालायचे. तो तवा पोळ्यांसाठी वापरायचा नाही. पिशवीवर कागदाचा प्रकार, खरेदीचा महिना आणि जमलेली सेटिंग लिहिली आहे: पांढरा, मॅट फोटो, वरून दुसरा दर्जा, केशरी २५०-१२०-२०; लेझर, जाड, मागचं झाकण उघडं.